खड्डा भरण्याआधी दोन तास: किनाऱ्याला लागणाऱ्या मृत गाद्यांबद्दल (डॉल्फिनांबद्दल) आणि देवमाशांबद्दल खुले पत्र

प्रति,
वन विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग आणि पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य;
तसेच कोकण किनाऱ्यावरील ग्रामपंचायती आणि मच्छीमार सहकारी संस्था

विषय: मृत सागरी सस्तन प्राणी पुरण्याआधी शैवालविषांच्या तपासणीसाठी नमुने घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पुळणीवर गादा किंवा देवमासा मरून लागला की पुढे काय होते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. वास सुटतो, गर्दी जमते, सरपंचांना फोन जातात, वनरक्षक येऊन लांबी मोजतात, पंचनामा होतो आणि दिवस मावळायच्या आत जेसीबी खड्डा बुजवून मोकळा होतो. गावाच्या आरोग्याचा विचार करता ही घाई समजण्यासारखी आहे. पण प्राणी कशाने मेला हे ज्यातून कळले असते, ते मूत्राशय, जठर, आतडी आणि मेंदू हे सगळे त्याच खड्ड्यात जाते. म्हणून आमची मागणी अशी: खड्डा भरण्याआधी दोन तास द्या, आणि प्रत्येक किनारी वनपरिक्षेत्रात नमुन्यांची एक पेटी कायम तयार ठेवा. पेटीत काय असावे, कोणता नमुना आधी घ्यावा आणि काम कुठे फसते, ते पुढे लिहिले आहे.

कोकणात लागणारा प्रत्येक गादा शैवालविषाने, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या विषाने मेला, असे आम्ही म्हणत नाही. जाळ्यात गुदमरणे, बोटीची धडक, विषाणूंचे आजार, पिल्लाची आईपासून ताटातूट, अशी कितीतरी कारणे असतात. पण जाळ्याचे वळ कातडीवर राहतात, पंख्याचे घाव उघड दिसतात, पोटातले प्लास्टिक हाताला लागते. शैवालविष बाहेरून काहीच खूण ठेवत नाही. प्राणी अंगाने भरलेला, चरबीचा थर जाड, पोटात ताजे मासे, आणि तरी मेलेला. असा प्राणी दिसला की पहिला संशय शैवालविषाचा घ्यावा, आणि तो खरा की खोटा हे फक्त नमुन्यातून ठरते.

समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या हजारो जातींपैकी थोड्याच विषारी आहेत. सागरी सस्तनांच्या बाबतीत तीन विषे महत्त्वाची. पहिले डोमोइक आम्ल. ते स्यूडो-निट्झशिया या सुईसारख्या, साखळी करून राहणाऱ्या डायटमच्या (एकपेशीय शैवालाच्या) काही जाती तयार करतात. या आम्लाची रचना मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्यासारखी असते. चेतापेशी त्याला ग्लुटामेट समजून सतत उत्तेजित राहतात आणि शेवटी मरतात. सर्वांत मोठे नुकसान हिप्पोकॅम्पसचे होते, म्हणजे आठवण आणि दिशा सांभाळणाऱ्या भागाचे. प्राण्याला झटके येतात. जो वाचतो त्याला पुढे कायमचे अपस्मार जडू शकते, हृदयाचे स्नायूही निकामी होतात. गाभण मादीत हे विष वार ओलांडून गर्भजलात जाते आणि तिथे साठून राहते, त्यामुळे आई सावरली तरी गर्भ दगावतो. १९९८ च्या मे-जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराच्या परिसरात ४०० हून अधिक समुद्रसिंह या विषाने मेले. विष त्यांच्यापर्यंत पोहोचले अँकोव्ही या छोट्या माशांतून.

दुसरे सॅक्सिटॉक्सिन. अलेक्झांड्रियम, पायरोडिनियम, जिम्नोडिनियम कॅटेनॅटम या डायनोफ्लॅजेलेटांतून (सूक्ष्म शैवालांच्या दुसऱ्या एका गटातून) ते येते. चेतापेशींतले सोडियमचे मार्ग ते बंद करते, स्नायूंना आज्ञा पोहोचत नाही आणि श्वास थांबतो. १९८७ च्या नोव्हेंबरअखेरपासून पाच-सहा आठवड्यांत अमेरिकेतल्या केप कॉड भागात १४ हंपबॅक देवमासे मेले. त्यांनी खाल्लेल्या बांगड्याच्या कुळातल्या माशांच्या यकृतात हे विष सापडले. देवमाशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे विष पाण्यात विरघळणारे, चरबीत न जाणारे. शरीराचा मोठा हिस्सा चरबीचा असल्यामुळे उरलेल्या भागात त्याची तीव्रता वाढते. शिवाय बुडी मारताना रक्त मुख्यतः हृदयाला आणि मेंदूला पुरवले जाते, विष बाहेर टाकणाऱ्या अवयवांकडे कमी जाते. माणसाच्या वजनावरून काढलेले 'सुरक्षित प्रमाण' देवमाशाला लावून चालत नाही, ते यामुळे.

तिसरे ब्रेव्हेटॉक्सिन, मेक्सिकोच्या आखातातल्या कारेनिया ब्रेव्हिस या सूक्ष्म शैवालाचे. लाटा फुटताना ते तुषारांबरोबर हवेत मिसळते. डॉल्फिन एका श्वासात फुप्फुसातली बहुतांश हवा बदलतो, त्यामुळे असे तुषार थेट खोलवर जातात. १९९६ मध्ये फ्लोरिडात १४९ मॅनेटी (समुद्रगायी) याच विषाने मेल्या. २००४ च्या वसंतात तिथेच १०७ डॉल्फिन मेले. त्या वेळी पाण्यात शैवालाचा फुलोरा (दाट वाढ) नव्हता, विष निघाले ते डॉल्फिनच्या पोटातल्या माशांत. पाणी स्वच्छ दिसले म्हणून फाइल बंद करू नये, हा धडा तिथला.

आता आपल्याकडे या. तारली, पेडवे, बांगडा हे मासे कल्ल्यांतून पाणी गाळून प्लवक खातात, आणि तारली तर डायटमवरच पोसलेली असते. माशात विष मुख्यतः पोटात आणि आतड्यांत साठते. आपल्या घरात तारली डोके मोडून, पोट काढून, दोन पाणी धुऊन मगच तव्यावर जाते, त्यामुळे माणूस बराच वाचतो. गादा ती अख्खी गिळतो. एकाच थव्यातली मासळी माणसाला बाधली नाही म्हणून गाद्याला बाधणार नाही, असा हिशेब करता येत नाही. शिजवल्याने ही विषे नष्ट होत नाहीत, एवढे मात्र माणसांनीही लक्षात ठेवावे. शिनाणे, कालवे, तिसऱ्या या शिंपल्यांचे पोट कोणी काढत नाही, ती अख्खीच खाल्ली जातात. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या विळिंजमला शिनाण्यांतून झालेल्या सॅक्सिटॉक्सिनच्या विषबाधेत ७ माणसे दगावली. १९८३ मध्ये मंगळूरकडेही तशीच विषबाधा झाली होती. मंगळूर आणि कोकण एकाच अरबी समुद्रावर आहेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूपासून देवगडपर्यंत ठिकठिकाणी रात्री लाटा निळ्या चमकल्या आणि लोक मोबाइल घेऊन किनाऱ्यावर धावले. ती चमक नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाची. नॉक्टिल्युका स्वतः मेंदूवर परिणाम करणारे विष बनवत नाही. तिच्या पेशीत अमोनिया साठलेला असतो, आणि फुलोरा मरून कुजू लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो. पण ती इतर शैवाल गिळते, आणि तिच्या पोटात विषारी जातींच्या पेशी सापडल्याची नोंद स्पेनच्या किनाऱ्यावर झालेली आहे. तेव्हा चमकणारे पाणी पाहून घाबरू नका, पण एक बाटली भरून ठेवा. उलट अलेक्झांड्रियमच्या लिटरमागे हजारभर पेशीही शिंपल्यांत विष चढवायला पुरतात, आणि एवढ्याने पाण्याचा रंग तसूभरही बदलत नाही. रंग बघून निर्णय घेण्याची सवय आपण सगळ्यांनीच सोडली पाहिजे.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची उपग्रहावर चालणारी शैवाल-फुलोऱ्यांची माहितीसेवा आहे. तिने देशात चार ठिकाणे विशेष लक्ष ठेवण्याजोगी मानली आहेत आणि ईशान्य अरबी समुद्र हे त्यातले एक. ही सेवा जरूर वापरावी. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, विष दिसत नाही, आणि पावसाळ्यात ढगांमुळे रंगही दिसत नाही. नेमके पावसाळ्यातच वारा आणि लाटा मेलेले प्राणी किनाऱ्याकडे लोटतात. ही उणीव किनाऱ्यावरच्या माणसालाच भरून काढावी लागणार.

आता पेटीबद्दल. तिच्यात घट्ट झाकणाच्या ५० मिलिच्या निर्जंतुक नळ्या किमान १५, २० मिलिच्या सिरिंज, १८ आणि २२ गेजच्या सुया, झिपच्या जाड पिशव्या, सुतळी, दोन धारदार सुऱ्या आणि धार लावायचा दगड, स्कॅल्पेल, लोखंडी आकडा, हाडाची करवत, १० मीटरचा टेप, ५ लिटर १० टक्के बफर केलेले फॉर्मॅलिन, २५० मिलिच्या गडद काचेच्या चार बाटल्या, लुगॉलच्या (आयोडीनच्या) द्रावणाची छोटी बाटली, कोपरापर्यंतचे हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मे, गमबूट, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि शिसपेन्सिल. पेन्सिलच हवी. फॉर्मॅलिन सांडले की पेनची शाई पुसली जाते आणि मग कोणती नळी कुठल्या प्राण्याची ते कोणालाच सांगता येत नाही. मास्क आणि मोजेही टाळू नका. डॉल्फिनांत ब्रुसेला हा जिवाणू असू शकतो आणि तो माणसाला होतो.

पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे सुरी उचलायची नाही. दोन्ही बाजूंचे फोटो, लांबी, नर की मादी, दात, जाळ्याचे वळ, जखमा आणि कुजण्याची पायरी लिहायची. ताज्या प्राण्यातून सगळे काही मिळते. मध्यम कुजलेल्यातून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखे फार उरत नाही, पण पोटातला ऐवज आणि विष्ठा विष तपासायला बऱ्याचदा चालते. चरबीचा थर उष्णता आत धरून ठेवतो, त्यामुळे बाहेरून ताजा दिसणारा गादा उन्हात आतून फार लवकर बिघडतो. सावली करा, आणि मिळेल तर बर्फ टाका. पोट फुगलेल्या मोठ्या देवमाशासमोर कोणी उभे राहू नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून, लांब दांड्याच्या सुरीने बाजूने छोटे छिद्र पाडून आधी वायू जाऊ द्यावा. देवमासा वळवायला तोच जेसीबी कामाला येतो.

कापण्याचा क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेक वेळा काम फसते ते इथेच. आधी मूत्र. डोमोइक आम्ल आणि सॅक्सिटॉक्सिन रक्तातून लवकर निघून मूत्रात उतरतात, त्यामुळे मूत्रासारखा दुसरा नमुना नाही. पोट उघडल्यावर आतड्याला धक्का न लावता ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय शोधायचे आणि १८ गेजच्या सुईने मूत्र ओढायचे. एक मिलि मिळाले तरी पुरे. मूत्राशय बऱ्याचदा रिकामे असते, तेव्हा मूत्रपिंडाचा मुठीएवढा तुकडा घ्यावा. मग २२ गेजच्या सुईने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले पाणी, अर्धा मिलि. आतडी कुजली तरी डोळा काही काळ टिकून असतो. त्यानंतर जठर. डॉल्फिनच्या जठराला कप्पे असतात. पहिल्या कप्प्याची दोन्ही तोंडे सुतळीने बांधून तो अख्खा बाहेर काढावा, ५० मिलि ऐवज नळीत घ्यावा आणि उरलेला चाळणीत धुवावा. माशांच्या कानातले खडे चाळणीवर राहतात, त्यावरून शेवटचे जेवण तारलीचे होते की बोयीचे ते कळते. मग आतड्याच्या शेवटच्या भागातली विष्ठा, यकृत, पित्त, फुप्फुस, आणि मादी गाभण असेल तर गर्भजल.

हे सगळे थंडीत जायला हवे. यातले काहीही फॉर्मॅलिनमध्ये टाकले की विषाची तपासणी संपली. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे वेगळे तुकडे मात्र फॉर्मॅलिनमध्ये घालायचे. जाडी १ सेंटीमीटरहून जास्त नको, आणि एक भाग मांसाला दहा भाग फॉर्मॅलिन. जाड तुकडा बाहेरून टिकतो आणि आत सडतो. प्राणी ताजा असेल तरच कवटी कापावी. डॉल्फिनचा हिप्पोकॅम्पस फार लहान असतो, तो किनाऱ्यावर शोधत बसू नये. मेंदू मधोमध उभा कापून एक अर्धा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा थंडीत ठेवावा.

थंडी कुठून आणायची हा प्रश्न प्रत्येक बंदरावर विचारला जातो. नुसत्या बर्फात नमुना शून्य अंशावरच राहतो. बर्फ कारखान्यातल्या तीन किलो बर्फाच्या चुऱ्यात एक किलो खडेमीठ मिसळले की तापमान शून्याच्या दहा-पंधरा अंश खाली जाते. थर्माकोलच्या पेटीत नमुने रात्रभर टिकतात, पण नळ्या आधी दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर खारे पाणी आत जाते. दुसऱ्या दिवशी उणे २० अंशाचा फ्रीझर मिळालाच पाहिजे, उणे ८० चा असेल तर उत्तम.

त्याच दिवशी पाणीही घ्यावे. लाटेतले नको. शक्य तर होडीने अर्धा-एक किलोमीटर आत जाऊन, नाहीतर जेटीच्या टोकावरून. दोन बाटल्या ऐंशी टक्के भराव्यात. एकीत सुमारे १ मिलि लुगॉल घालायचे, पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग आला की थांबायचे. लुगॉल कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बनते: १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, मग ५० ग्रॅम आयोडीन, मग १०० मिलि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. बाटली काचेचीच हवी, प्लास्टिक आयोडीन शोषून घेते. दुसरी बाटली तशीच, काही न घालता, सावलीत ठेवून चोवीस तासांत तपासायची, कारण चॅटोनेलासारख्या नाजूक पेशी लुगॉलने फुटतात आणि ओळखू येत नाहीत. आणखी अर्धा लिटर पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळून तो कागद गोठवला तर पेशींतले विष मोजता येते. हे शेवटचे काम करायलाच हवे. स्यूडो-निट्झशियाची जात साध्या सूक्ष्मदर्शकाने ठरत नाही, आणि एकाच जातीचे काही समूह विष बनवतात, काही बनवत नाहीत. पेशी मोजून विषाचा अंदाज बांधता येत नाही.

'शिनाणे तपासले, विष नाही, म्हणजे समुद्र सुरक्षित' हा निष्कर्षही काढू नये. १९९८ च्या माँटेरे प्रकरणात समुद्रसिंह मरत होते आणि त्याच भागातल्या शिंपल्यांत डोमोइक आम्ल जवळजवळ सापडतच नव्हते. शिंपल्यांची तपासणी माणसांसाठी ठीक आहे, गाद्यांसाठी तारली आणि पेडव्यांची पोटे तपासावी लागतील. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक मोठ्या बंदरावरून दहा मासे, पोटासकट, गोठवून ठेवले तरी पुष्कळ. प्रयोगशाळेत सॅक्सिटॉक्सिनचे झटपट किट वापरले जाते, पण त्याच्या जवळचे निओसॅक्सिटॉक्सिन ते नीट ओळखत नाही. म्हणून किटचे 'नाही' हे उत्तर अंतिम न मानता नमुना एलसी-एमएस या रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर पाठवावा.

नमुने जपून ठेवण्याचे महत्त्व १९८७-८८ च्या दुसऱ्या एका प्रकरणात दिसते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ७०० हून अधिक बॉटलनोज डॉल्फिन मेले आणि आधी दोष ब्रेव्हेटॉक्सिनवर गेला. काही वर्षांनी जपून ठेवलेल्या ऊती पुन्हा तपासल्या तेव्हा त्यांत मॉर्बिलीव्हायरस हा गोवराच्या कुळातला विषाणू निघाला. ऊती ठेवल्या नसत्या तर चुकीचे कारणच पाठ्यपुस्तकात राहिले असते. म्हणून फुप्फुस, प्लीहा आणि लसीकाग्रंथींचे तुकडेही प्रत्येक वेळी गोठवावेत, संशय शैवालाचा असला तरी.

यात कायद्याची एक अडचण आहे आणि ती फक्त तुम्हीच सोडवू शकता. सगळे डॉल्फिन, पॉर्पॉइज आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शरीराचा तुकडाही परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण परवानगीचा अर्ज प्राणी सापडल्यावर करायचा म्हटले तर उत्तर येईपर्यंत मूत्र, मेंदू काहीच उरत नाही. प्रत्येक किनारी तालुक्यासाठी नेमलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि ठरलेल्या प्रयोगशाळेला वर्षभराची आगाऊ परवानगी द्या. नमुना कोणी कोणाच्या ताब्यात दिला याची नोंदवही वनविभागाकडे राहू द्या. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आणि सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. शीतपेटीचा प्रवास कोणत्या किनाऱ्यावरून कुठे आणि कोणाच्या गाडीने, हे आधीच कागदावर ठरले पाहिजे.

मच्छीमारांबद्दलही. मेलेला किंवा गोल गोल फिरणारा गादा सर्वांत आधी तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) दिसतो. पण जाळ्यात गादा मिळाला असे सांगितले तर गुन्हा अंगावर येईल, या भीतीने कितीतरी खबरा समुद्रातच राहतात. दुर्मीळ प्राणी जाळे कापून सोडणाऱ्याला राज्यात २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्या योजनेमुळे माणसे पुढे येऊन सांगू लागली. मेलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्यालाही तसेच लेखी अभय द्या, आणि एकच फोन नंबर प्रत्येक बंदरावर मोठ्या अक्षरांत रंगवा. खबरीत तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्याचा रंग किंवा वास बदलला होता का, आसपास मासे किंवा पक्षी मेलेले होते का, आणि प्राणी जिवंत असताना कसा पोहत होता. एका बाजूला कलून तरंगणे, अंगाला कंप आणि अचानक पाण्याबाहेर झेपावत राहणे ही मेंदूवरच्या परिणामाची लक्षणे असू शकतात.

जिवंत प्राणी लागला तर त्याला लगेच समुद्रात ढकलू नये. झटके येणारा प्राणी पाण्यात बुडून मरतो. त्याला पोटावर सरळ ठेवा, परांखाली वाळूत खड्डे करा, अंगावर ओली सुती चादर घाला, पण नाकपुडी उघडी राहू द्या आणि तिच्यात पाणी जाऊ देऊ नका. दर पाच मिनिटांनी श्वास मोजून लिहा. गर्दी आणि कुत्री दूर ठेवा. शेपटीला दोर बांधून ओढणे पूर्ण बंद करा, त्याने मणका निखळतो. पुढचा निर्णय पशुवैद्यकाचा.

मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते आणि किनाऱ्याला प्राणी लागण्याचा काळही तिथूनच वाढतो. पेट्या, परवानग्या आणि फ्रीझर १५ मेपर्यंत जागेवर असावेत, आणि त्याआधी प्रत्येक जिल्ह्यात वनरक्षकांसाठी व पशुवैद्यकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण व्हावे. शिकवायला आम्ही येऊ, मानधन नको. सरावाला मोठा सुरमई पुरतो. जठर बांधणे, सुईने द्रव ओढणे आणि चिठ्ठी लिहिणे हे त्यावर एका सकाळीत शिकता येते.

आपले,
कोकण किनाऱ्यावर सागरी सस्तन प्राणी आणि सूक्ष्म शैवालांवर काम करणारे पशुवैद्यक व अभ्यासक